'श्यामची आई' : मोळी, आंघोळ आणि आपली मुले

किशोरवयीन मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न महाराष्ट्रात फारसा कोणी मनापासून विचारत नाही, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी पुस्तकांची यादी करायला चार शिक्षक बसले की पहिल्या ओळीत 'श्यामची आई' लिहिले जाते आणि वाद असलाच तर तो दुसऱ्या ओळीपासून सुरू होतो. यंदा आमच्या शिरोळ तालुक्यातल्या काही माध्यमिक शिक्षकांनी अशी यादी करायला घेतली. मी कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून त्यांनी मलाही बोलावले. पहिली ओळ नेहमीप्रमाणे एकमताने लिहून झाली. मग एका तरुण शिक्षकाने सुचवले की पुस्तक घ्यावे, पण त्यातली पंचविसावी रात्र वर्गात वाचू नये. वर्गात सगळ्या समाजांची मुले असतात, उगाच कोणाचे मन दुखायला नको. त्याचा हेतू चांगला होता. दुसरे एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, त्या रात्रीत दुखण्यासारखे काहीच नाही, उलट अस्पृश्यता निवारणाचा उत्तम धडा आहे. या दोन्ही मतांनी मला अस्वस्थ केले, आणि त्या अस्वस्थतेतून हा लेख लिहीत आहे.

पुस्तक सर्वांच्या परिचयाचे असले तरी त्याची जन्मकथा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आश्रमात प्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी त्याची बांधणी आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा त्यावर चित्रपट केला. म्हणजे नव्वद वर्षे हे पुस्तक मराठी घराघरातून वावरत आहे. कादंबरी म्हणा, आत्मकथन म्हणा, एक मुलगा लहानाचा मोठा कसा झाला याची ती गोष्ट आहे आणि मराठीत या प्रकारात तिच्याइतके वाचले गेलेले दुसरे पुस्तक नाही.

ते टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. दलित चळवळीतले काही मित्र 'ब्राह्मणी संस्कारांचे पुस्तक' असा शिक्का मारून ते बाजूला सारतात. पूर्ण न वाचता मारलेल्या शिक्क्याला मी समीक्षा मानत नाही. या पुस्तकात कर्ज आहे. बत्तिसाव्या रात्रीपासून सदतिसाव्या रात्रीपर्यंत सावकार, जप्ती, अब्रू, तेल असेल तर मीठ नसणे, याखेरीज दुसरे काही नाही. आमच्याकडे सोसायटीचे, फायनान्सचे, बचत गटाचे हप्ते थकले की घरात जी शांतता पसरते ती ज्या मुलाने पाहिली आहे, त्याला हे भाग समजावून सांगावे लागत नाहीत. वसुलीला आलेल्या माणसापुढे आपली आई कशी उभी राहते हे मूल दाराआडून पाहते, आणि त्या पाहण्यात ते एकदम चार वर्षांनी मोठे होते. गुरुजींनी हे नेमके पकडले आहे. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई बाहेर ओढून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते, हेही मुलांना मनापासून आवडते, कारण मार खाल्लेल्या मुलालाच त्या माराची खरी चव कळते. तेव्हा हे पुस्तक आपल्या मुलांसाठी सर्वस्वी परके नाही. परके नाही म्हणूनच पंचविसाव्या रात्री जे घडते ते जास्त लागते.

त्या रात्रीचे नाव 'देवाला सारी प्रिय'. एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडली आहे. ती तिला एकटीने उचलत नाही. शिवाशिवीच्या भीतीने कोणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला सांगते की तू जा, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि घरी येऊन आंघोळ कर. श्यामला लोकांची भीती वाटते. आई त्याची समजूत घालते, देवाला सर्वच सारखे असल्याचे सांगते, आणि श्याम जातो.

त्या गावात, त्या काळात, त्या जातीच्या बाईने एवढे करणे ही लहान गोष्ट नव्हती. मुलाला तिने गावाच्या विरोधात पाठवले आहे, आणि मूल गेले आहे. हे मान्य करूनही प्रश्न उरतो तो आंघोळीचा. आईने ही आंघोळ सांगितली ती लोकांची तोंडे बंद करण्यासाठी, की तिलाही ती आवश्यक वाटत होती? पुस्तक हा प्रश्न उभाच करत नाही. मुलाला माणुसकी शिकवली जाते आणि त्याच वाक्यात तिच्यावर पाणीही ओतले जाते. बारा वर्षांचा वाचक या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहू शकत नाही; तो दोन्ही एकदमच गिळतो.

याच पुस्तकात दुसऱ्या एका रात्री आणखी एक आंघोळ आहे, आणि ती तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला पाठ आहे. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागेल म्हणून लहान श्याम हट्ट धरतो, आई आपले लुगडे दगडावर पसरते, श्याम त्यावर पाय ठेवतो. मग आई सांगते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप. हा प्रसंग फार सुंदर आहे, यात वाद नाही. पण दोन्ही आंघोळी एका पुस्तकात आहेत आणि ते पुस्तक एकच मूल वाचते. पहिल्या आंघोळीत तळव्याची घाण आहे. दुसऱ्या आंघोळीत कोणती घाण आहे? वर्गात बसलेल्या ज्या मुलाची आजी त्या म्हातारीसारखी होती, त्याला हे उत्तर कोणी सांगावे लागत नाही. ते खाली मान घालते आणि पान उलटते.

आमच्या भागात लाकडाची मोळी आता दिसत नाही, पण भारा दिसतो. उसाची तोड सुरू झाली की बायका वाडे गोळा करतात, त्याचा भारा बांधतात आणि तो डोक्यावर घेऊन जनावरांसाठी घरी आणतात. भारा बांधणे एकटीला जमते, उचलून डोक्यावर घेणे जमत नाही. दुसऱ्या कोणीतरी हात लावावा लागतो. माझी आई बांधावर अशी थांबलेली मी किती वेळा पाहिली आहे. वाटेने माणसे जात-येत असायची, पण ती आपल्याच वाड्यातली कोणी येईपर्यंत थांबायची. बाकीच्यांना ती विचारतच नसे. न विचारण्याची ही सवय कोणत्या शतकात लागली असेल, याचा हिशेब माझ्या आईने कधी केला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून तो हिशेब करण्याचे काम माझ्याकडे आले. पंचविसावी रात्र वाचताना मला श्याम दिसत नाही, मला बांधावर थांबलेली बाई दिसते. साहित्याचा शिक्षक म्हणून मला दोघेही दिसायला हवेत, हे खरे. पण पुस्तक स्वतः एकालाच आतून दाखवते. म्हातारीच्या मनात त्या क्षणी काय होते, मुलगा आपल्याला शिवून आता आंघोळीला जाणार हे तिला माहीत होते का, याला तिथे जागाच नाही. ती श्यामच्या मोठे होण्याचे साधन आहे.

मागे एकदा मी ही रात्र सातवीच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवली होती. एका मुलीने विचारले, "सर, ती लाकडं पुढं कुणाच्या चुलीत गेली?" मी तिलाच विचारले, तुला काय वाटते? ती म्हणाली, "म्हातारी मोळी विकायलाच चालली असणार की. घेणाऱ्यानं लाकडं धुतली का मग?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. अस्पृश्याच्या हाताने तोडलेले लाकूड चालते, त्याने भरलेले धान्य चालते, त्याने ओढलेले मेलेले ढोर तर चालवूनच घेतले जाते. चालत नाही तो फक्त माणूस. श्रम शुद्ध आणि श्रमिक अशुद्ध, ही वर्णव्यवस्थेची सारी करामत सातवीतल्या मुलीने एका चुलीवरून उघडी केली. समीक्षेच्या जाड ग्रंथांतून मला हे इतके स्वच्छ कोणी सांगितले नव्हते.

आता ज्येष्ठ गुरुजींच्या मताकडे येतो. त्यांचे म्हणणे असे की त्या काळाच्या मापाने मोजा. ठीक आहे, काळाच्याच मापाने मोजू. साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहीत होते तेव्हा त्याच नाशिक शहरात २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह अजून मिटलेला नव्हता. पुणे करार होऊन पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. गांधीजींच्या 'हरिजन' साप्ताहिकाचा पहिला अंक ११ फेब्रुवारी १९३३ ला निघाला, म्हणजे ही कथा लिहिणे चालू असतानाच. ज्या वर्षी पुस्तक बाजारात आले त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह तर त्याही आधी, १९२७ मध्येच होऊन गेला होता, तोही कोकणातच. म्हणजे आई मुलाला आंघोळ सांगते तो काळ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असेल, पण पुस्तकाचा काळ तो नाही. पुस्तकाच्या काळात अस्पृश्य माणूस मोळी उचलून देणाऱ्याची वाट पाहत रस्त्यावर बसलेला नव्हता. तो तळ्यावर आणि देवळाच्या दारात उभा होता. आठवण सांगणारा श्याम प्रौढ आहे, देशभक्त आहे, तुरुंग भोगलेला आहे. त्याला आईच्या आंघोळीविषयी एखादे वाक्य बोलता आले असते.

गुरुजींवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की ते स्वतः तिथे थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले आणि दहा दिवसांनी मंदिर खुले झाले. देवळाच्या वाटेने आपली मुक्ती नाही हे बाबासाहेबांनी तोवर आपल्याला शिकवले होते, तो भाग वेगळा. पण १९३३ चे साने गुरुजी आणि १९४७ चे साने गुरुजी यांत अंतर आहे, आणि ते अंतर त्यांनी स्वतः चालून कापले आहे. दुर्दैव असे की महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाने त्यांचे उपोषण जयंतीपुरते ठेवले आणि शाळेत आंघोळ पाठवली.

आणखी एक गोष्ट वर्गात सांगितली जात नाही. श्यामचे घराणे खोतांचे होते. त्याच्या आईचे दारिद्र्य खरे आहे, पण ते उतरलेल्या खोताच्या घराचे दारिद्र्य आहे. खोती काय होती, कोकणातले कूळ खोताच्या दारात कसे उभे राहत असे, आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी का मांडले, हे कळल्याशिवाय 'गरीब श्याम' हा शब्दप्रयोग अर्धवट राहतो. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात, साने गुरुजींचे पालगड त्याच्या शेजारच्या दापोली तालुक्यात. दोघांच्या जन्मात साडेआठ वर्षांचे अंतर. एकाच मातीतली दोन बालपणे आहेत. शाळेत मात्र त्यातले एकच पोहोचले.

हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही, शिकवण्याचाही आहे. आमच्या कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्ये शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, आमच्या शेजारच्या माणगावच्या परिषदेत त्यांनी बाबासाहेबांना समाजाचा पुढारी म्हणून पुढे केले. बाके एक झाली त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली, पुस्तकातला 'आपण' मात्र एक झालेला नाही. श्याम म्हणतो 'आपण', तेव्हा मोळी उचलून देणारे 'आपण' असतात. मोळी जिची पडली ती 'आपण' कधीच नसते. स्वतंत्र शाळांच्या काळात हा 'आपण' खपून गेला असता. आज बाकावर दोघे शेजारी बसलेले असतात आणि एकच वाक्य एकाला मोठे करते, दुसऱ्याला लहान.

मग ही रात्र वगळावी का? तरुण शिक्षकाला मी स्पष्ट नाही म्हटले. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे साठ वर्षांनंतर पुस्तकावरचा हक्क संपला आणि आता कोणीही ते छापू शकतो, संक्षेप करू शकतो. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे संपादक ठरवणार. गाळण्यात सर्वांची सोय आहे. सवर्ण मुलाला अडचण नको, दलित मुलाला दुःख नको, शिक्षकाला प्रश्न नकोत. पण अस्पृश्यता पुस्तकातून गाळली म्हणून वाड्यातून जात नाही. उलट, ही रात्र काढून टाकली तर श्यामची आई संपूर्ण निर्दोष होईल, आणि निर्दोष आईपेक्षा आंघोळ सांगणारी आई मुलांना जास्त शिकवू शकते. चांगले माणूससुद्धा जातीच्या आत कुठे येऊन अडते, हे दाखवणारी याहून सोपी जागा मराठी किशोर वाङ्मयात मला माहीत नाही. तेव्हा रात्र ठेवावी, आंघोळीसकट ठेवावी, आणि तिथे थांबावे. शिक्षकाने प्रवचन करू नये, फक्त विचारावे: आंघोळ कशासाठी? तास तेवढ्यावरच भरतो, हा माझा अनुभव आहे.

पण नुसत्या प्रश्नाने भागत नाही. ज्या मुलाला पुस्तकाने रस्त्यावर उभे केले, त्याला दुसऱ्या पुस्तकात घर मिळाले पाहिजे. आणि ते पुस्तक आहे. १९३५-३६ च्या सुमारास, म्हणजे 'श्यामची आई' बाजारात येत होती त्याच दिवसांत, बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापल्या आणि पुढे शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आल्या. त्यातली पहिलीच आठवण १९०१ ची आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे म्हणून साताऱ्याहून चार मुले निघतात: लहान भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले. नवे कपडे, नवे बूट, झगमगीत टोप्या. आगगाडीचा प्रवास पहिल्यांदाच. मसूर स्टेशनावर उतरतात. न्यायला कोणी आलेले नसते, कारण वडिलांना पत्रच पोहोचलेले नसते. स्टेशनमास्तर कपडे पाहून प्रेमाने चौकशी करतो. मुले भाबडेपणाने आपली जात सांगतात आणि त्याचा चेहरा बदलतो. कोणी गाडीवान यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडे ठरते, आणि वर गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून चालणार. डबा भरलेला असतो, पण पाणी कोणी देत नाही. टोलनाक्यावर तर पाण्यासाठी मुसलमान असल्याचे सांगून पाहावे लागते, तरीही पाणी मिळत नाही, आणि रात्र उपाशीपोटी जाते.

यात एकही शिवी नाही, मारहाण नाही, वयाला न शोभणारे काही नाही. सहावीतले मूल एका बैठकीत वाचू शकते. कोल्हापूरची गाडी पुण्याकडे जाताना मसूर स्टेशनावरून जाते. जयसिंगपूरला बसलेल्या आमच्या मुलांनी ती पाटी पाहिलेली असते. बाबासाहेब सांगतात की त्या आधीही शिवाशिव ठाऊक होती, शाळेत वेगळे बसणे ठाऊक होते, पण ते सगळे जगाची रीत म्हणून अंगवळणी पडले होते. या प्रवासाने पहिल्यांदा विचार करायला लावले. मूल मोठे होते म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मी दुसरे काय द्यावे? श्याम आईच्या सांगण्याने मोठा होतो. मसूरच्या मुलाला सांगणारे कोणी नाही. त्याची आई तो पाच वर्षांचा असतानाच गेली आहे.

आईचा विषय निघालाच आहे तर तोही पुरता बोललो पाहिजे. 'श्यामची आई'ने मराठीत आईचा एक साचा पाडला: घरात असणारी, सोसणारी, प्रसंगाप्रसंगाने उपदेश करणारी. बाबूराव बागुलांच्या 'आई' या कथेत शाळेत आईवरची कविता शिकवली जात असते, दलित मुलगा तिच्यात बुडून जातो, आणि लगेच वर्गातली मुले त्याच्या आईवरून त्याला टोचू लागतात. कवितेतली आई आणि मजुरीवर जाणारी आई यांच्या मधल्या दरीत ते मूल पडते. बागुलांची ती कथा बारा वर्षांच्या मुलाला द्यावी असे मी म्हणणार नाही, ती त्या वयाला जड आहे. पण शिक्षकाने ती वाचलेली असावी. आमच्या आया पहाटे पाचला भांगलणीला जात आणि दिवेलागणीला येत. संध्याकाळी संस्कार करायला त्यांच्या अंगात जीव उरत नसे. त्यांनी आम्हाला घडवले नाही काय?

त्यासाठी मी ऊर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) सुचवतो. सगळे नव्हे, त्यातला शाळेचा एक प्रसंग. हेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच बालपण आहे. वडील गेल्यावर बांबूची आयदाने विणून मुलांना शिकवणारी आई. शाळेत गुरुजी लहान ऊर्मिलेला शेण काढायला लावतात, मारतात. मुलगी रडत घरी येते. आणि ती कधी न बोलणारी, खाली मान घालून विणत बसणारी आई त्या गुरुजींना रस्त्यात अडवून जाब विचारते. या आईने मुलीला कोणतेच सुवचन सांगितलेले नाही. ती नुसती रस्त्यात उभी राहिली. पालगडच्या आईने मुलाला रस्त्यावर पाठवले, ही स्वतः रस्त्यावर आली. दोन्ही प्रसंग मुलांनी एकाच आठवड्यात वाचावेत. मुलींनी तर जरूर वाचावेत, कारण 'श्यामची आई'त आई आहे, पण मुलीच्या मोठे होण्याला जागा फार थोडी आहे.

इथे आपल्याच घरातही थोडे बोलले पाहिजे. दलित आत्मकथने किशोरांना 'योग्य नाहीत' असे पांढरपेशे समीक्षक म्हणतात तेव्हा त्यांना शिव्या आणि लैंगिक उल्लेख खुपतात. हा आक्षेप बऱ्याच वेळा ढोंगी असतो. पण म्हणून आपले प्रत्येक आत्मकथन आपोआप मुलांचे वाङ्मय होत नाही. 'अक्करमाशी' अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती मी देणार नाही, ते पुस्तक मोठे आहे म्हणूनच देणार नाही. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'मधली (१९७९) पोरक्या मुलाच्या शिक्षणाची पाने निवडून देईन. 'झोंबी' (१९८७) दलिताचे नाही, पण कागलचे आहे. शाळेसाठी बापाशी झगडणाऱ्या आनंद यादवांच्या त्या मुलाची बोली आमच्या मुलांना घरची वाटते. ही सारी पुस्तके मात्र मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत. त्यातून मुलांसाठी वेचावे लागते. पन्नासहून अधिक वर्षे आपण दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र, बांधिलकी, नकार आणि विद्रोह यांवर लिहीत आलो. आपल्या सातवीतल्या मुलीसाठी मात्र फारच थोडे लिहिले. तिला आपण प्रस्थापितांच्या कपाटासमोर उभे केले आणि तिने खाली मान घातली की तिच्या स्वाभिमानावर भाषणे दिली.

माझी यादी मी शिक्षकांना लिहून दिली आहे. सहावीला मसूरचा प्रवास. सातवीला 'श्यामची आई' संपूर्ण, पंचविसावी रात्र धरून, आणि त्याच आठवड्यात 'आयदान'मधला तो प्रसंग. आठवीला 'आठवणींचे पक्षी' आणि 'झोंबी' यांची निवडक पाने. ज्येष्ठ गुरुजींना मसूरच्या प्रवासाविषयी शंका आहे. इतक्या लहान मुलांना तो अस्वस्थ करील असे त्यांना वाटते. मी त्यांना एवढेच म्हटले की प्रवासातली मुले त्याहून मोठी नव्हती. त्यांनी यादी खिशात घातली आहे, अजून सही केलेली नाही.